मीठ फुटलेलं रान

माघ कलला की शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर काळी राख पडायला लागते. ऊस तुटून गेला की लोक रानातलं पाचट पेटवतात, आणि त्याची ती हलकी, लांबट राख वाऱ्याबरोबर शहरात येते. वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसते, उशीच्या अभ्र्यावर बसते. झटकायला गेलं की मोडते आणि काळा डाग ठेवून जाते. आमचे हे दरवर्षी गच्चीत उभे राहून त्या राखेला शिव्या घालतात. यांचा सगळा जन्म गुळाच्या व्यापारात गेला, उसावर आमचं घर चाललं, पण राख दिसली की यांचं डोकं फिरतं. "रानाच्या तोंडचा घास जाळत्यात बघ," म्हणतात. मी बरं म्हणते आणि खाली बघते. या दिवसांत माझ्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा असतो.

मी उचगावच्या शाळेत भूगोल शिकवते. यंदा पूर्वपरीक्षेला प्रश्न आलाय, वाळवंटीकरणाची कारणे, परिणाम व उपाय लिहा. पोरांनी काय झक्क लिहिलंय! झाडे तोडल्यामुळे. गुरे अति चरल्यामुळे. पाऊस न पडल्यामुळे. उपाय म्हणून झाडे लावावीत, झाडे जगवावीत. एकीनं तर समासात उंट काढलाय, त्याला पापण्यासुद्धा काढल्यात. उत्तर चूक नाही. पुस्तकात आहे तसंच आहे, मार्क द्यायलाच पाहिजेत. पण माझं पेन तिथं जरा थांबलं. कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी जे वाळवंट बघितलंय, त्यात वाळू नव्हती, उंट नव्हता, आणि पाणी तर इतकं होतं की चप्पल चिखलात रुतून बसायची.

माझं माहेर शिरोळच्या बाजूला, नदीकाठचं. जमीन काळीभोर. आमचं रान वरच्या अंगाला घरापासून सुरू होतं आणि हळूहळू उतरत खाली जातं. सगळ्यात खालचा तुकडा म्हणजे आमची ओढ्याकडची पट्टी. नाव तसं असलं तरी ओढा लगेच नाही; पट्टीच्या पलीकडं आमच्या बापूकाकांचं रान, आणि त्याच्या पलीकडं ओढा. बापूकाका म्हणजे वडिलांचे, आमच्या आबांचे, चुलतभाऊ. दोघांची रानं शेजारी, दोघांचं भांडण शेजारी, आणि दोघांचं जेवणही निम्म्या वेळा शेजारीच व्हायचं.

लहानपणी त्या पट्टीत शाळू असायचा. थंडीत आम्ही पोरं तिथं पडीक. कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि गरम हुरडा तोंडात टाकून हाय-हुय करत खायचा. पट्टीच्या खालच्या कडेला एक खोल चर होती. ती आमच्या रानातनं निघून बापूकाकांच्या रानाच्या कडेकडेनं थेट ओढ्याला मिळायची. पावसाळ्यात रानातलं जास्तीचं पाणी त्या चरीतनं खळखळत जायचं. उन्हाळ्यात ती कोरडी असायची, आणि आम्ही तिच्यावरनं उड्या मारायचो. चर कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. घराला मोरी असते तशी रानाला चर असते, एवढंच.

मग गावात नदीवरनं पाणी उचलून आणायची योजना झाली. त्या दिवशी आबांनी पाटाच्या पहिल्या पाण्यात नारळ फोडला आणि भिजलेल्या धोतरानं तसेच घरी आले, एवढा आनंद! आनंद खोटा नव्हता. त्याच पाण्यानं आमची घरं सिमेंटची झाली, मी बी.एड. झाले, माझं लग्न झालं. पाण्याला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही. शाळूच्या जागी ऊस आला, उसाच्या मागं परत ऊस. आणि एक दिवस आबांना वाटलं, ही चर उगीच जागा अडवून बसलीय. बुजवली तर दोन सऱ्या जास्त बसतील. त्यांनी आपली बुजवली, पलीकडं बापूकाकांनी आपली. दोघांनी मिळून, एकमेकांच्या बैलांना दाद देत, हसतखेळत. गावात सगळ्यांनीच बुजवल्या.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पाळीची. योजनेचं पाणी ठरल्या दिवशी ठरल्या रानाला मिळायचं. त्या दिवशी रान ओलं असो, कोरडं असो, कालच पाऊस पडून गेलेला असो, पाळी घ्यायचीच. सोडली तर पुढचा शेतकरी घेईल, आणि आपल्या हक्काचं दुसऱ्यानं घेतलेलं आमच्याकडं कुणाला बघवतंय? "आपली पाळी सोडायची? खुळा का काय मी?" असं आबा म्हणायचे आणि डोक्यावर पोतं घेऊन, पावसाच्या भुरभुरीत, रानाला पाणी पाजायला जायचे. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. आबा गेले, माझा थोरला भाऊ, दादा, शेती बघायला लागला, आणि तोही तसाच पाणी पाजत राहिला. बघितलेलं तेच करणार ना माणूस! रानाला तहान लागलीय का हे विचारायची पद्धतच आमच्या गावातनं निघून गेली होती.

जास्तीच्या पाण्याला वर जागा नाही आणि बाहेर जायला वाट नाही. ते मुरून खाली साठत गेलं. साठता साठता वर चढत गेलं, आणि चढताना जमिनीच्या पोटातलं मीठ विरघळवून घेऊन आलं. वर ऊन आहेच. उन्हानं पाणी तेवढं उचललं, मीठ मातीवर राहिलं. झालं वाळवंट. आमच्या शाळेत चंदगडच्या एक बाई आहेत, त्यांच्या गावी पाऊस असा पडतो की महिना महिना कपडे वाळत नाहीत. त्यांना मी हे सांगितलं तर त्या हसल्याच. "अहो, आमच्याकडं पाणी म्हणजे नुसता धबधबा, पण जमिनीला कुठं मीठ फुटतंय?" तिकडं डोंगरउतार आहे, आलेलं पाणी वाहून जातं. आमच्या सपाट काळ्या रानाची गोष्ट वेगळी. पाण्याला यायची वाट दिली तशी जायची वाटही द्यायला पाहिजे होती, आणि तीच आम्ही दोन सऱ्यांसाठी बुजवून टाकली.

पट्टी एका दिवसात गेली नाही. आधी खालच्या कोपऱ्यातला ऊस बुटका राहिला. दादानं खत वाढवलं. मग ऊस पिवळा पडला, दादानं पाणी वाढवलं. मग लव्हाळा माजला. रान वाफशावर येईना, म्हणजे नांगराला हवी तेवढीच ओल धरेना. वर ढेकूळ दगडासारखं आणि खाली चिखल. एका थंडीत मी माहेरी गेले होते, सकाळी चहाचा कप हातात घेऊन खाली उतरले, तर पट्टीभर पांढरंशुभ्र दहिवर पडलेलं. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! मी वहिनीला हाक मारून दाखवलं. ऊन वर आलं, कप रिकामा झाला, पण ते दहिवर काही विरघळेना. मी वाकून बोट लावलं. वहिनी मागनं म्हणाली, "ते दव न्हाय वन्सं, मीठ हाय." तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

वहिनीबद्दल सांगायला पाहिजे. आमची वहिनी मोठी तोंडाळ बाई. आमच्या भागात बाया 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, पुण्याची पाव्हणी हसतात, हसू देत. वहिनी 'मी करतो' म्हणाली की खरंच करते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्यांदा तिनं भांगलण केली, तण काढलं, ते या पट्टीत. तिच्या दोन्ही बाळंतपणांच्या आधी पाय मोकळे करायला ती याच बांधावरनं फिरायची. त्या पट्टीवर तिचा जीव होता, आणि हे ती कुणालाही खडसावून सांगायची, त्यात लाजणं वगैरे काही नाही.

मी सांगतेय तो हंगाम ते मीठ दिसल्यावर काही वर्षांनी आला. असाच उसाचा, असाच थंडी सरत आलेला. रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यावर दणदणत वाजणारी गाणी, आणि कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास, जो परक्या माणसाला नकोसा वाटतो आणि आम्हाला घरचा. तर त्या दिवसांत एक वीटभट्टीवाला दादाकडं आला. उचगावकडं, शहराच्या कडेला, घरं उठत होती, विटांना मागणी. त्याला भट्टी लावायला पडीक जागा पाहिजे होती. "पावणं, तुमच्या रानात आता काय पिकतंय? द्या की आमाला," म्हणाला. मुरूम टाकून, दाबून, सपाट करून तो तिथं भट्टी लावणार. एकदा मुरूम पडला आणि भट्टी पेटली की ती माती मेली, परत कधी नांगर लागायचा नाही. दादा हो म्हणाला.

वहिनीनं घर डोक्यावर घेतलं. दादानं मला फोन केला, "माले, तू ये आणि हिला समजाव." तो ठेवते न ठेवते तोवर वहिनीचा फोन, "वन्सं, तुम्ही या आणि ह्यांना समजवा." म्हणजे वकील एक आणि अशिलं दोन्हीकडची. शाळेतनं रजा टाकली आणि एसटी धरून गेले.

दादा ओसरीवर बसला होता. माझा भाऊ अबोल आहे, आणि त्या दिवसांत तर त्याच्या तोंडातनं शब्द ओढून काढावा लागत होता. मी म्हटलं, "दादा, एवढी काय घाई? पोटाला कमी आहे का आपल्याला?"

"काय ठेवलंय त्यात?" तो म्हणाला. "कुसळ उगवत न्हाय. जाऊ दे की. डोळ्याआड हुतंय तर हू दे."

वहिनी आतनं, हातातली भाकरी तशीच घेऊन, बाहेर आली. "डोळ्याआड? माणूस आजारी पडलं तर डोळ्याआड करता व्हय तुम्ही? तुमचा जीव तरी कसा हुतोय? मुरमाचा ट्रॅक्टर आला तर आधी माझ्या अंगावरनं घाला म्हणावं." दादा उठून गोठ्याकडं निघून गेला. मला त्याचा राग आला. वाटलं, एवढं काय दगडाचं काळीज!

वहिनी नुसती रडणारी नव्हती, तिनं उपायही शोधून ठेवला होता. बचतगटाच्या बायांबरोबर ती शेजारच्या गावी गेलती. तिथं लोकांनी अशीच मीठ फुटलेली जमीन पुन्हा उठवली होती. जमिनीच्या पोटात, माणूसभर खोल, भोकाभोकाचे पाईप पुरायचे. साठलेलं पाणी त्या भोकांतनं पाईपात उतरतं, पाईपातनं ओढ्याला जातं, जाताना मीठ घेऊन जातं. वरनं पावसाचं गोडं पाणी माती धुऊन काढतं. मग ताग पेरायचा, फुलावर आला की नांगरून मातीत गाडायचा, शेणखत घालायचं, आणि धीर धरायचा. ऐकायला सोपं. पण हे सगळं एकट्यानं करता येत नाही, यातच सगळी मेख होती. आमच्या पट्टीचं पाणी ओढ्याला जायचं तर ते बापूकाकांच्या रानातनंच जाणार. दुसरी वाट नाही.

आणि बापूकाकांचा ऊस त्या साली उभा होता बघा! वाऱ्याला डुलणारा, हिरवागार. पाव्हणा आला की बापूकाका आधी त्याला उसात उभं करायचे, हात वर करायला लावायचे, ऊस हाताच्याही किती वर जातोय ते दाखवायचे, आणि मग चहा पाजायचे. वहिनी आणि मी गेलो तेव्हा मलासुद्धा उभं केलं. मी हात वर केला, कौतुक केलं, चहा झाला, आणि वहिनीनं विषय काढला.

"मामंजी, तुमच्या बांधाकडनं एक चर घेऊ द्या. पाईप घालून वरनं परत बुजवून देतो आम्ही."

बापूकाकांनी बशी खाली ठेवली. "तुमचं मिठाचं पाणी माझ्या रानाच्या पोटातनं न्ह्यायचं? सूनबाई, मला काय येडा समजलीस व्हय? तुमची गेली ती गेली, माझी बी घालवता?"

"पाईपात आसतंय पाणी. बाहीर येत न्हाय."

"न्हाय म्हणजे न्हाय. आबा असता तर त्यानं इचारलं बी नसतं."

आम्ही परत आलो. येताना वहिनी आमच्या पट्टीच्या बांधावर उभी राहिली. मीठ उन्हात चकाकत होतं, नुसतं बघून डोळे दुखत होते. एक टिटवी तेवढी ओरडत होती. वहिनी म्हणाली, "आठ दिसांत मुरूम पडंल आता." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते मी?

त्याच आठवड्यात बापूकाकांच्या घरच्या गुळाची काईल होती. त्यांचा सगळा ऊस कारखान्याला जायचा, पण दरसाल थोडा ऊस ते गावातल्या गुऱ्हाळावर आणायचे आणि वर्षाचा गूळ करून घ्यायचे. भांडण काही असो, गुऱ्हाळाला भावकीतल्या सगळ्यांना बोलावणं असतंच. माहेरवाशीण आलेली म्हणून मला जरा जास्तच आग्रहाचं.

गुऱ्हाळघर म्हणजे माझी हळवी जागा. चुलवाणाची धग, वर काईलीत रटरटणारा रस, भेंडीच्या चिकानं वर येणारी मळी, आणि रसाचा रंग बदलत जाताना बदलत जाणारा वास. आधी हिरवट, मग भाजल्यासारखा, मग नुसता गोड, इतका गोड की पोट भरून येतं. त्या दिवशीही तसंच होतं. दुपारच्या कवडशांत वाफ उसळत होती, बाया उसाच्या कांड्या चघळत बसल्या होत्या. काईल उतरली, पाक निववायच्या वाफ्यात ओतला, गुळव्यानं तो घोटला. आणि आमच्याकडची पद्धत अशी, की थिजत आलेला पहिला गूळ उसाच्या पानावर घेऊन चुलवाणाला दाखवायचा, मग धन्याच्या हातावर द्यायचा. धन्यानं खायचा आणि मग हजर असेल त्या प्रत्येकाला आपल्या हातानं वाटायचा. कुणी नको म्हणायचं नाही आणि धन्यानं कुणाला वगळायचं नाही.

बापूकाकांनी गूळ तोंडात टाकला. चघळला. आणखी एक खडा टाकला. आम्ही हात पुढं करून उभे. ते वाटायचं विसरल्यासारखे त्या वाफ्याकडंच बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी पहिला खडा माहेरवाशीण म्हणून माझ्या हातावर ठेवला.

मी गुळाच्या घरात दिलेली बाई. आधी गोडी आली, चांगली आली. आणि गोडी ओसरता ओसरता जिभेच्या कडेला ती दुसरी चव आली. खारट. मी गिळून टाकला आणि मान हलवली. सगळ्यांना वाटून झाला. कुणी "झ्याक हाय" म्हणालं, कुणी "रंग चांगला धरला" म्हणालं. पाव्हण्यारावळ्यांत खरं कोण बोलणार?

वहिनी बोलली. आवाज मात्र तिनं बारीक ठेवला होता. "मामंजी, खारट लागतोय."

मला वाटलं, आता उठतंय भांडण. चुलवाणात पाचट घालणारा माणूसही थांबला. बापूकाका वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले, आणि इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण जवळ असणाऱ्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. गेल्या साली बी असाच लागलाता. म्या गुळव्याला शिव्या घातल्या. काईल नीट घासली न्हाईस म्हणालो." मग त्यांनी गुळव्याकडं बघितलं. "तुझी चूक न्हवती बाबा." गुळव्यानं नुसता हात हलवला.

ऊस हिरवागार होता हो! उसाला बघून कुणाला काही कळलं नसतं. रोग वर दिसायच्या आधी आत गेला होता, आणि तो गुळानं सांगितला. मीठ आमच्या पट्टीपाशी थांबलेलं नव्हतं. ते बांधाखालनं गुपचूप पलीकडं गेलं होतं, त्याला कुठला बांध आणि कुठली भावकी?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो तर दारात बापूकाका. आत या म्हटलं तर आले नाहीत. "चल सूनबाई, कुठनं काढायची चर ते दाव. पर माझ्या रानातबी पाईप घालायचा. आणि कामाला पैरा करायचा, तुमची माणसं माझ्याकडं, माझी तुमच्याकडं." पैरा म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायचं. बापूकाकांनी पैरा म्हटलं म्हणजे भांडण मिटलं, वर आणखी काही बोलायची गरज नव्हती. वहिनी चहाचा कप तसाच ठेवून अनवाणी निघाली. भट्टीवाल्याला दादानं फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि परत आपल्या गोठ्यात जाऊन बसला.

उन्हाळ्यात काम झालं. मी सुट्टीला तिथंच होते. यंत्रानं चर काढली, तळाला पाईप अंथरले, भोवती वाळू भरली. भावकीतली माणसं, बाया, सगळी राबली. दादाही धावपळ करत होता, पाईप आणणं, डिझेल आणणं, माणसांचं जेवण बघणं. पण हुकूम सगळे बांधावरनं. मला वाटलं, अजून रुसलाय. ओढ्याच्या काठावर पाईपाचं तोंड उघडं ठेवलं होतं. चर बुजवल्यावर जरा वेळानं त्यातनं पाण्याची बारीक धार सुरू झाली. वहिनीनं बोट बुडवलं, चाटलं, थुंकली, आणि म्हणाली, "आमचंच हाय." केवढे हसलो आम्ही! आबा आणि बापूकाकांनी हसत बुजवलेली वाट आम्ही हसत उकरली, त्यात मधल्या किती वर्षांचं रान गेलं ते देवाला माहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात तेव्हाही सलत होती आणि अजून सलते. आमचं मीठ ओढ्यात गेलं, ओढ्यातनं नदीत. पुढं नदीकाठी कुणाची तरी रानं आहेतच. मी हे वहिनीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणूनच परत मीठ वर येऊ द्यायचं न्हाय. पाजायचंच कमी." तिनं ठिबक करून घेतलं. आता पाण्याचा दिवस आला तरी ती आधी मातीचा गोळा करून बघते, आणि ओल असली तर चक्क पाळी सोडते. गावातले तिला खुळी म्हणतात. ऊस तुटला की आमच्या रानात पाचट पेटत नाही, सरीत पसरून ठेवतात, ते कुजून मातीत जातं आणि उन्हाला मातीपर्यंत पोचू देत नाही. माझ्या पेपरात या सगळ्याला 'उपाय' म्हणतात, आणि त्याला दोन ओळी पुरतात.

पहिल्या पावसाळ्यात ताग उगवला तो केस गेलेल्या डोक्यासारखा, इथं चार काड्या, तिथं चार काड्या. मला बघून कसंतरी झालं. वहिनीनं तेवढाही गाडला. दुसऱ्या पावसाळ्यात निम्मी पट्टी हिरवी झाली. पुढं गांडुळं दिसली. त्या दिवशी तिनं मला शाळेत, चालू तासाला फोन केला आणि नुसतं ओरडली, "वन्सं, काडवं निघाली!" पोरं माझ्याकडं बघायला लागली. वर्गात मला रडू आलं, आणि मी खडू शोधायचं नाटक करत टेबलाखाली वाकले.

यंदा त्या पट्टीत शाळू आहे. ऊस लावा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले, बापूकाकासुद्धा. वहिनी म्हणाली, "आजारातनं उठलेल्याला कुणी जेवणावळीला बसवतंय व्हय? पेजेवर राहू द्या जरा." पेरणीही तिनंच केली, बापूकाकांच्या पोरांना पैऱ्यावर घेऊन. परवा मी पेपरांचा गठ्ठा पिशवीत घालून माहेरी गेले ते त्या शाळवासाठी. कणसं भरलेली, पाखरांचा नुसता कालवा.

दुपारी आम्ही दोघी भाकरी घेऊन रानात गेलो. दादा गोठ्यात नव्हता. मोटरीपाशी नव्हता. हाका मारल्या तर ओ नाही. वहिनीच्या कपाळाला आठ्या पडल्या, वय झालंय आता त्याचं. आम्ही बांधाबांधानं खाली उतरलो. आणि पट्टीच्या मधोमध, शाळवाच्या दोन ओळींमध्ये, दादा दिसला. अंगाखाली काही नाही, टॉवेलसुद्धा नाही. उघड्या मातीवर पालथा, गाल मातीला लावून गाढ झोपला होता. एका हातानं माती धरलेली होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं तसा वहिनीनं माझा दंड धरला. मला बांधावर बसवलं, आपणही बसली, आणि हळू आवाजात बोलली.

"मीठ फुटल्यापासनं ह्या पट्टीत त्यांनी पाऊल टाकलं न्हवतं, वन्सं. ओढ्याकडं जायचं झालं तर गावाला वळसा घालून जायचे. पाईप घातले, ताग पेरला, गाडला, पर आत उतरले न्हाईत. शेवटचं पाणी त्यांच्या हातानं पाजलेलं ना. भट्टीला द्या म्हणालते ते काय पैशासाठी व्हय? मी तवा लई बोललो त्यांना. दगडाचं काळीज हाय म्हणालो."

भाकरी फडक्यात गार होत होती. मी म्हटलं, "उठवूया का? ऊन चढलंय."

"नगा," वहिनी म्हणाली. "लई सालं झाली, हा माणूस नीट झोपलाय कुठं?"